दातांच्या दवाखान्यातले टर्बेलेरियन

दातांच्या डॉक्टरांना दरदरून घाम फुटला. पेशंटांचं मन रमावं म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवलेल्या माशांच्या टाकीत, काचेला चिकटून, तपकिरी चपटे किडे सरपटत होते. आणि टाकीसमोरच्या बाकावर साक्षात सासूबाई बसल्या होत्या.

सासूबाईंनी आजवर जावयाला आपल्या दाताला हात लावू दिला नव्हता. हलणारी दाढ घेऊन त्या गावभर फिरल्या, पण जावयाच्या खुर्चीत काही बसल्या नाहीत. आज मुलीनं हातापाया पडून त्यांना धाडलं होतं. आजही त्या तशाच परत गेल्या असत्या, तर डॉक्टरांना घरात मान वर करायची सोय उरली नसती.

पहिल्यांदा दिसला तेव्हा किडा एकटाच होता. डॉक्टरांनी नवंकोरं ब्लेड काढलं आणि हिरडीला छेद द्यावा तशा सफाईनं त्याचे दोन तुकडे केले. तुकडे तळाच्या वाळूत पडले, विषय संपला. मग आणखी दिसले, तेही कापले. पुढे पुढे रोज सकाळी हातमोजे चढवून कापाकापी हा नेमच झाला. आणि आज पाहतात तर काचेवर ही झुंबड.

"जावईबापू," सासूबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, "हे जंत आहेत."

बाकावरच्या सगळ्यांनी पटापट तोंडं मिटली.

"चुळा भरायला हेच पाणी देता होय?"

"नाही हो आई, ते पाणी वेगळं..."

सासूबाईंनी पर्स उचलली. त्यांच्या शेजारचे गृहस्थ दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

"बसा बघू सगळे," कोपऱ्यातून आवाज आला. गाल सुजलेल्या एक बाई उठल्या. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गृहस्थ निमूट परत बसले. "हे टर्बेलेरियन. म्हणजे चपट्या कृमींमधले मोकळे राहणारे. पोटात राहतो तो पट्टकृमी यांचा चुलतभाऊ. पण हे कुणाच्या अंगात घर करत नाहीत. पाण्यात हिंडतात, आपलं अन्न आपण शोधतात. जवळ या, डोळे बघा किती तिरळे आहेत."

"म्हणजे घरजावई नव्हेत," सासूबाई म्हणाल्या आणि पर्स खाली ठेवली.

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "पण इतके झाले कसे? कुणी कापले का?"

"मीच," डॉक्टर छाती फुगवून म्हणाले. "रोज. एकालाही सोडलं नाही."

"अरे देवा. या जातीत प्रत्येक तुकड्याचा नवा किडा होतो. डोक्याला शेपूट फुटते नि शेपटीला डोकं. तुम्ही मारलेत कुठे? तुम्ही तर पैदास केलीत."

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. आता सासूबाई उठणार, दार आपटणार, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत बोभाटा होणार.

सासूबाई उठल्या खऱ्या. पण सरळ आत गेल्या आणि खुर्चीत आडव्या झाल्या.

"काढा दाढ," त्या आतून म्हणाल्या. "तुमच्या हातानं कापलेलं पुन्हा उगवतं, हे आधी का नाही सांगितलंत? उगाच घाबरत होते मी."

"अहो, तसं नसतं," म्हणत बाई चूक दुरुस्त करायला दारापर्यंत आल्या.

आणि डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका पेशंटला हात जोडून सांगितलं, "बाई, तोंड मिटा."