रजा न सांगता पळालेले आजोबा

चार नंबरच्या बोगद्यातलं छताचा दाब मोजणारं यंत्र बंद पडल्यापासून तिथे छतावर दाब आल्याची एकही नोंद झाली नव्हती. काम फा गावाच्या डोंगरातल्या इतर कोळसा खाणींच्या तुलनेत ही कामगिरी उल्लेखनीय होती. आमच्या सुरक्षा विभागाने ती अहवालात ठळक अक्षरांत नमूद केली. अहवाल लिहिणारा कारकून मीच, त्यामुळे ठळक अक्षरांचं श्रेय माझं आहे.

या आनंदात मिठाचा खडा टाकायला टोळीप्रमुख तोआनकाका आले. गमबूट दाराबाहेर काढून ते नुसत्या मोज्यांनी उपसंचालक फुंगसाहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, चार नंबरात टेकू कुरकुरतायत. यंत्र दुरुस्त करा, नाहीतर नवं आणा."

"नवं मंजूर आहे. पुढच्या वर्षी येईल," हिरव्या चहाचा घोट घेत साहेब म्हणाले. "यंत्रं नव्हती तेव्हा काय करत होता तुम्ही लोक?"

"तेव्हा आजोबा होते. आताही आहेत."

आजोबा म्हणजे उंदीर. खाली बोगद्यात त्याला उंदीर म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. जेवणाच्या सुट्टीत पावाचा पहिला तुकडा त्याला टाकायचा, मग आपण खायचं. छत खाली येणार असेल तर ते त्याला आधी कळतं. तो पळाला की माणसांनी हातातलं टाकून त्याच्यामागे पळायचं, एवढा साधा व्यवहार वडिलांच्या काळापासून चालत आला आहे.

साहेबांचा कप हातात तसाच राहिला. वर्ष संपत आलं होतं आणि प्रत्येक विभागाने वर्षाला एक तरी अभिनव कल्पना वर पाठवावी असा आमच्याकडे दंडक आहे. मागच्या खेपेला आम्ही आगीच्या बादल्यांना नवा रंग दिला होता. तो वरच्यांना पसंत पडला नव्हता.

आठवड्याभरात चार नंबरातले समस्त उंदीर 'जैविक सुरक्षा निरीक्षक' झाले. कल्पनेला मानपत्र मिळालं. आता एका जागेवर दोन निरीक्षक कशाला, म्हणून नव्या यंत्राची मागणी रद्द झाली. ते रद्द करणारं पत्रही मीच लिहिलं आणि भाषा चांगली जमली होती.

दोन दिवसांनी तोआनकाका माझ्या टेबलाशी आले. "काय रे, नेमणूक झाली हे आजोबांना सांगितलं का कुणी?"

"परिपत्रक बोगद्यात लावलंय, काका."

"ते त्यांनी खाल्लं."

"म्हणजे मिळालं," मी म्हणालो आणि पोच नोंदवली.

पण पद आलं की शिस्त आली. निरीक्षक कामाच्या वेळी कुठेही फिरतात अशी तक्रार आल्यावर साहेबांनी नियम काढला: निरीक्षकांनी जागा सोडल्यास ती धोक्यामुळे सोडली की वैयक्तिक कारणाने, याची विभागाने खातरजमा करावी. तोवर कामगारांनी जागा सोडू नये. तोआनकाकांनी नियम दोनदा वाचला आणि ते बोगद्याच्या तोंडाशी उदबत्ती लावायला गेले.

त्या गुरुवारी आजोबा पळाले. एकदम, सगळे, पिल्लं तोंडात धरून. तोआनकाकांनी आरोळी ठोकली आणि अख्खी टोळी उताराच्या वरच्या वळणापर्यंत आणली. मग तिथल्या फोनवरून विभागाला कळवलं. मी साहेबांच्या खोलीतच होतो, सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"निरीक्षक गेले? कुठे गेले?" साहेबांनी विचारलं.

"वर. आमच्या पायांतून गेले."

"किती वाजलेत? जेवणाची वेळ आहे. जेवायला गेले असतील."

"साहेब, त्यांचं जेवण आमच्याच डब्यात असतं. डबे खाली राहिलेत."

"हे बघा तोआन, मी कुणाच्या जिवावर उठलेलो नाही. पण नियम आहे. छत पडणार आहे असं तुमचं म्हणणं ना? मग पडलं की नाही, हे बाहेर उभं राहून कळणार कसं? निदान एक माणूस आत ठेवा. तो सांगेल."

"माणूस मिळणार नाही," तोआनकाका म्हणाले आणि त्यांनी फोन आपटला.

पण फोनपाशी टोळीतला लुक उभा होता आणि साहेबांचं बोलणं त्याच्याही कानावर पडलं होतं. गेल्याच महिन्यात त्याला वसाहतीत खोली मिळाली होती आणि त्याची बायको बाळाला घेऊन गावाहून आली होती. शिस्त मोडणाऱ्याची खोली आधी जाते, हे त्याला पक्कं माहीत होतं. तोआनकाका माणसं मोजत होते तेवढ्यात तो गुपचूप खाली उतरला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

छत खाली आलं. तोआनकाकांनी आणि टोळीने त्याला नुसत्या हातांनी उकरून काढलं. जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखालून गेला. मला त्या दिवशी घास उतरला नाही. एरवी मी जेवणाच्या बाबतीत नियमित आहे.

चौकशी समिती दवाखान्यात गेली. संत्री आणि दुधाचे डबे घेऊन साहेब स्वतः होते. त्यांनी लुकच्या उशाशी बसून आपुलकीने विचारलं, "पोरा, घाबरू नकोस. छत पडलं का?"

"पडलं ना, साहेब."

"कशावर पडलं?"

लुकने चादरीकडे बघितलं. "पायावर."

"एकाच?"

"एकाच."

"म्हणजे सगळं पडलं असं नाही म्हणता येणार," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "पायापुरतं पडलं, असं लिहा."

मी लिहिलं. लुकची बायको बाळाला थोपटत भिंतीशी उभी होती. तिने विचारलं, "साहेब, खोली राहील ना आमच्याकडे?"

"राहील म्हणजे काय? तो एकटा तर कामाच्या जागी हजर होता."

निकाल न्याय्य लागला. लुकला आदर्श कामगाराचं पदक, शिवाय कुबडी. टोळीतल्या बाकी सर्वांना परवानगीशिवाय जिवंत बाहेर आल्याबद्दल समज. ही शब्दरचना मी सुधारू बघत होतो, पण साहेब म्हणाले, वस्तुस्थितीला धरून आहे. तोआनकाकांची बदली अंघोळीच्या दालनात झाली. तिथे ते वर आलेल्या प्रत्येकाला साबण देतात आणि देताना त्याचे दोन्ही पाय बघून घेतात.

मुख्य दोषी मात्र निरीक्षक ठरले. जबाबदारीच्या पदावर असताना, रजा न सांगता, सहकुटुंब पलायन. असं पुन्हा होऊ नये म्हणून समितीने उपाय सुचवला आणि तो तातडीने अमलात आला. चार नंबरात आता दर दहा पावलांवर तारेचा पिंजरा टांगलेला आहे आणि प्रत्येकात एक निरीक्षक आहे. पिंजरे बसल्यापासून एकही निरीक्षक पळालेला नाही. अर्थात धोका नाही. दुसऱ्या खाणींचे साहेब लोक हे बघायला येतात, फोटो काढतात. हल्ली आजोबा रात्रंदिवस तारा चावत ओरडत असतात, पण नियमात पळण्याचा उल्लेख आहे, ओरडण्याचा नाही.

परवा मी साबण आणायला गेलो तेव्हा तोआनकाकांनी विचारलं, "तुला ऐकू येतं का रे ते ओरडणं, वर टेबलापर्यंत?"

"येतं," मी म्हणालो.

"मग काय करतोस?"

"खिडकी लावून घेतो."

ते हसले नाहीत. तुम्ही हसला असाल, हसा. पण आत्ता तुम्ही जिथे बसून हे वाचताय, तिथून शेजारचा माणूस एकाएकी उठून पळत सुटला, तर तुम्ही त्याच्यामागे धावाल, की त्याने रजा सांगितली होती का, ते आधी विचाराल?