फ्रीझरमागचं बटण

डेल्मस रॅटलिफच्या पडवीतल्या दिव्याचं बटण फ्रीझरच्या मागे गेलं, त्या दिवशी घरात इतकी माणसं होती की त्याला काही बोलताच आलं नाही. ऑक्टोबरचे दिवस होते, सकाळी त्याच्या बायकोला, एफीला, पुरून सगळे परतले होते. लॉरेल फोर्क गावात कुणाच्या घरी माणूस गेलं की बायका बोलतात कमी आणि रांधतात जास्त. कुणी मॅकरोनी आणि चीज आणलं, कुणी कोंबडी घातलेला भात, कुणी ट्यूना मासा घालून भाजलेल्या नूडल्स, वर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा. सगळं काचेच्या चौकोनी भांड्यांत. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव, म्हणजे परत करताना घोळ नको.

संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा पाद्री ब्रदर हार्लन यांनी चार माणसं धाडून चर्चच्या तळघरातला कपाटाएवढा उभा फ्रीझर आणवला. त्याची तार फक्त पुढच्या दाराजवळच्या प्लगपर्यंत पोचत होती, म्हणून तो तिथेच भिंतीला लावला. पडवीतल्या दिव्याचं बटण त्याच भिंतीवर होतं आणि दिवा चालू होता.

"छान बसला ना?" ब्रदर हार्लननी विचारलं. ती चार माणसं घाम पुसत डेल्मसकडे बघत होती.

"छान बसला," डेल्मस म्हणाला.

रात्रभर दिवा जळला. दुसऱ्या दिवशीही. एफीला हे चाललं नसतं. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की ती घराच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडायची, "डेल्मस, तो दिवा कुणासाठी जळतोय? पतंगांसाठी?" मग डेल्मस उठायचा आणि दिवा बंद करायचा. सारा संसार असाच गेला होता.

फ्यूज काढावा तर त्याच फ्यूजवर फ्रीझर चालत होता. बल्ब काढावा तर शिडी चढावी लागणार, फ्रीझर सरकवावा तर तो तोंडापर्यंत भरलेला, आणि डेल्मसची कंबर इतकी वर्षं राबून कोळशाच्या खाणीतच राहिली होती. लोकांनी प्रेमानं दिलेलं अन्न टाकून द्यायचा विचारही त्याच्या मनात आला नाही. एकच मार्ग होता, खाऊन फ्रीझर रिकामा करायचा. तो एक भांडं बाहेर काढायचा, ते त्याला आठवडाभर पुरायचं, आणि रोज पडवीत दिव्याखाली उभा राहून चमच्यानं खायचा. आत टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची.

त्या हिवाळ्यात क्लेटन स्टंबो आजीला भेटायला गावी आला होता. हा इथलाच मुलगा, आता नॅशव्हिलला गाणी म्हणत होता आणि तोवर कुणी त्याला फारसं विचारत नव्हतं. जाताना गाडीतून त्याला डेल्मस दिसला. बर्फ पडतंय, दिवा जळतोय आणि म्हातारा पडवीत उभ्यानं जेवतोय.

वसंतात गाणं आलं. एप्रिल संपेपर्यंत ते देशभर सगळ्यात जास्त वाजत होतं. न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, जेवणाच्या टपरीवरच्या गाण्याच्या यंत्रात, सगळीकडे क्लेटनचा भरून आलेला आवाज:

*दिवा ठेवलाय दारात, सोनेरी केसांच्या तिच्यासाठी,*
*हळू आवाजात ती म्हणायची, थांब ना माझ्यासाठी…*

गाण्यात नाव कुणाचं नव्हतं, पण लॉरेल फोर्कला नाव लागत नाही. रविवारी चर्चमध्ये बायका डेल्मसचा हात हातात घेऊन रडल्या. एकीनं एफीच्या सोनेरी केसांची आठवण काढली. एफीचे केस तारेच्या घासणीसारखे होते आणि त्याच रंगाचे. डेल्मसनं टोपी हातात फिरवली आणि तो घरी आला. मागोमाग सात-आठ भांडी आली.

आता गाड्या यायला लागल्या. दुसऱ्या परगण्यातले लोक घरासमोर वेग कमी करायचे, काच खाली करायचे, एखादी बाई डोळ्याला रुमाल लावायची. डेल्मस बनियनवर असेल तर आत पळायचा. जाताना लोक कुंपणाच्या खांबावर भांडं ठेवून जायचे. त्या भांड्यांच्या तळाला गावांची नावं असायची, काही नावं डेल्मसनं ऐकलेलीही नव्हती. तो एक भांडं संपवायचा तोवर दोन येऊन पडायची.

त्यानं ब्रदर हार्लनना गाठलं. "ब्रदर, तो फ्रीझर जरा हातभर सरकवायचा होता."

"का रे? बरा तर आहे तिथं."

"मागे दिव्याचं बटण आहे."

ब्रदर हार्लननी इकडेतिकडे बघितलं. गाणं आल्यापासून त्यांच्या चर्चमध्ये मागच्या बाकांवरही माणसं बसत होती.

"हे आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"मग नको बोलूस," ते म्हणाले. "माझीही कंबर धरलीये हल्ली."

एका सकाळी डेल्मस अंथरुणात पडून होता. रोज उठायच्या आधी तो एफीचा आवाज आठवून बघायचा, म्हणजे उठायला बरं पडायचं. त्या दिवशी आवाज आला तो हळू होता. *थांब ना माझ्यासाठी.* एफी जन्मात असं बोलली नव्हती. ती फार तर "थांबलास का? चल लवकर" म्हणाली असती. डेल्मस उठून बसला. कंबरेची कळ त्याला जाणवली नाही, इतका तो घाबरला होता. बाई एकदा गेलीच होती. आता हे गाणं उरलेलीही नेत होतं.

त्या संध्याकाळी तो शिडीवर चढला आणि बल्ब काढून खिशात घातला.

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात काय आहे, हे त्यानं नीट ऐकलं नव्हतं. ज्या दिवशी दिवा विझेल त्या दिवशी समजा, म्हातारा तिच्याकडे गेला, असं त्यात होतं.

सगळ्यात आधी समोरच्या घरातून लोव्हिना टॅकेट धावत आली. ती एफीची जुनी मैत्रीण, स्वतः विधवा. पायात एक चप्पल, एक बूट.

"डेल्मस? जिवंत आहेस?"

"आहे."

"मग दिवा का घालवलास मेल्या? माझा जीव गेला असता."

तेवढ्यात ब्रदर हार्लन पोचले, काखेत बायबल. त्यांच्या मागे अंत्यविधीवाला प्रेतं न्यायची आपली लांब गाडी घेऊन.

"मी सहज इकडून चाललो होतो," तो म्हणाला.

"या गाडीतून सहज कोण जातं रे?" लोव्हिना म्हणाली. मग डेल्मसकडे वळून, "खरं सांग, दुसरी कुणी बघितलीयेस का?"

"डोळ्यावर उजेड येत होता."

हे उत्तर कुणालाच पटलं नाही. सकाळी गावभर झालं की डेल्मस मेला नाही, म्हणजे दिवा विझण्याचं दुसरं काही कारण असणार, आणि दुसरं कारण एकच असू शकतं. दुपारपर्यंत दोन विधवा आणि एक लग्न न झालेली शिक्षिका केस नीट करून येऊन गेल्या. प्रत्येकीनं भांडं आणलं होतं. डेल्मसनं मुकाट्यानं बल्ब परत लावला.

आता खरं बोलून टाकावं असं ठरवून तो गावच्या रेडिओवर गेला. सकाळी तिथे वेंडेल नावाचा निवेदक हरवलेल्या गाईवासरांच्या आणि जुन्या ट्रॅक्टरच्या बातम्या देतो.

"माझी बायको चांगली होती," डेल्मस माइकमध्ये म्हणाला, "पण तिचा आवाज मोठा होता. आणि तो दिवा तिच्यासाठी नाही. बटणासमोर फ्रीझर आहे."

वेंडेलनं डोळे पुसले. "ऐकलंत मंडळी? दुःख माणसाला काय काय बोलायला लावतं." आणि त्यानं गाणं लावलं.

जूनमध्ये गावानं क्लेटनला बोलावलं. डेल्मसच्या पडवीतच गाण्याचा कार्यक्रम ठरला. डेल्मसला कुणी विचारलं नाही, फक्त दाढी कर म्हणून सांगितलं. रस्ताभर माणसं बसली. क्लेटन चकचकीत बूट घालून पडवीत उभा राहिला. त्याच्या वादकांना वीज हवी होती आणि दाराजवळ प्लग एकच होता, फ्रीझरचा, म्हणून त्यांनी त्याच प्लगवर आपल्या सगळ्या पेट्या जोडल्या.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. सूर्य डोंगरामागे गेला होता, दिवा उठून दिसत होता. क्लेटननं डोळे मिटले आणि शेवटचं कडवं धरलं, "ज्या दिवशी विझेल दिवा…"

भिंतीत फट् आवाज झाला आणि दिवा विझला.

गर्दीत एक बाई आडवी झाली. कुणीतरी हंबरडा फोडला. अंत्यविधीवाला टोपी काढून उठला. डेल्मस तेव्हा आत न्हाणीघरात होता. तो दार उघडून पँटचे पट्टे सावरत बाहेर आला, तर अख्खं गाव त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होतं.

"फ्यूज गेला वाटतं," तो म्हणाला.

फ्यूज नव्हे, तारच जळाली होती आणि ती जोडणारा माणूस उद्या येणार होता. लोव्हिना मात्र फ्रीझरपाशी पोचली होती. "जूनचा उकाडा आहे. उद्यापर्यंत हे सगळं नासेल. आत्ताच चर्चच्या भट्ट्यांत घाला आणि एवढी माणसं जमलीयेत त्यांना वाढा."

हाताहातानं भांडी बाहेर निघाली. डेल्मस "नको, नको" म्हणत होता, पण त्याचं कोण ऐकतंय. चर्चच्या अंगणात टेबलं मांडली, भांडी गरम होऊन आली, माणसं जेवायला लागली. बायका मात्र जेवत नव्हत्या. त्या भांडी वर उचलून तळ बघत होत्या.

"हे तर माझं आहे," पोस्टातली बाई म्हणाली. "ऑक्टोबरमधलं. डेल्मस, तू म्हणालास बोटं चाटून खाल्लं."

"मला म्हणालास भांडं घासायचं राहिलंय."

"आणि मला म्हणालास असा भात एफीलासुद्धा जमला नव्हता." ही शिक्षिका.

"तुला असं म्हणाला?" लोव्हिनानं विचारलं. "मला पण असंच म्हणाला."

डेल्मस पावाचा तुकडा हातात धरून उभा होता. सगळ्यांना अजून रागवायचं होतं, पण क्लेटनच्या वादकांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि बायकांचं लक्ष तिकडे गेलं. दिवसभराच्या गर्दीनं फ्रीझर पुसून काढल्यासारखा रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तार जोडून झाली. दिवा आपोआप लागला. संध्याकाळी निघायच्या आधी क्लेटन माफी मागायला आला. त्यानं चकचकीत बूट काढून गाडीत ठेवले होते.

"काका, फार त्रास दिला तुम्हाला."

"केस सोनेरी का केलेस?"

"चालीत बसत होते." क्लेटन पायरीवर बसला. "मला आठवते ना काकू. मी लहानपणी तुमच्या खिडकीखाली गिटार घासत बसायचो. एकदा बूट फेकून मारला त्यांनी."

डेल्मसनं मान वर केली. "लागला?"

"लागला. मी तो परत द्यायला गेलो तर दुसरा पण मारला."

"नेम फार चांगला होता तिचा," डेल्मस म्हणाला. किती तरी महिन्यांनी त्याला हसू आलं. "आणि काय बोलली?"

"म्हणाल्या, कार्ट्या, मांजर शेपटीवर पाय दिल्यावर याहून बरं गातं."

आवाज क्लेटनचाच होता, पण शब्द बरोबर होते. डेल्मसनं डोळे मिटून ते पुन्हा एकदा मनात ऐकले. या वेळी ते घराच्या दुसऱ्या टोकाकडून आले, मोठ्यानं.

"हे घाल की गाण्यात," तो म्हणाला.

"कोण विकत घेईल, काका?"

मग दोघांनी मिळून रिकामा फ्रीझर हातभर सरकवला. मागच्या भिंतीवर धूळ होती आणि तिच्यात ते बटण. क्लेटन बघत उभा राहिला. "खरंच बटण आहे हो," तो म्हणाला.

त्याची गाडी वळणाआड गेल्यावर डेल्मसनं बटण दाबलं आणि दिवा विझला. समोर लोव्हिनाची खिडकी उघडली.

"डेल्मस? जिवंत आहेस ना?"

"आहे. झोप."

खिडकी मिटली. तो अंधारात पडवीत बसला. गाडी नाही, गाणं नाही. घरात कुठे दिवा जळत नव्हता, आणि एफीला ओरडायला काही कारणच उरलं नव्हतं.

डेल्मस उठला, आत गेला आणि त्यानं बटण दाबलं. पडवीत लख्ख उजेड पडला. पतंग जमायला लागले. मग तो भिंतीशी तसाच, बटणावर हात ठेवून, थोडा वेळ कान देऊन उभा राहिला.