अंगठा नाही, सही!

"अंगठा गेला खड्ड्यात! आता नत्थुजी सही करते, सही!"

साठी उलटल्यावर नत्थुजी लिहाय-वाचायला शिकला होता आणि भेटेल त्याला हेच सांगत फिरायचा. त्यामुळे नातीच्या शाळेची चिठ्ठी आली, तेव्हा तो स्वतःच्या लग्नात झाला नसेल एवढा खूश झाला. 'मुलांच्या मोबाइलवर अनोळखी माणसं आहेत का ते पालकांनी तपासावं, फॉर्म भरून सही करावी.'

आचल दहावीला. शाळेत मोबाइल न्यायची बंदी, म्हणून तो घरीच असायचा. नत्थुजीने चष्मा चढवला आणि तांदळातले खडे वेचावे तसं एकेक नाव वेचायला बसला. सगळी ओळखीची. एकच अनोळखी सापडलं, 'कपाशीचा राजा'. फोटोत माणूस नाही, नुसतं फुटलेलं बोंड! आचल त्याला रोज लिहायची. 'जेवली.' 'गणितात पंधराच भेटले.' 'आबा रातभर खोकलत होते.' खाली दरवेळी 'वाचलं' अशी खूण. उत्तर मात्र एकही नाही!

आचलचा मोबाइल घेऊन नत्थुजी तडक देवमनच्या मोबाइलच्या दुकानात.

"देवमन, हा लफंगा माह्या घरातलं रोज वाचते अन् तोंड उघडत नाई!"

"असे चूप रायणारेच लय डेंजर रायतात, नत्थुजी!"

मग नत्थुजीने एकेक अक्षर शोधून धमकी लिहिली. अर्धा तास लागला, चहाचं पाणी झालं. 'समोर ये. तंगडी तोडून हातात देईन.'

समोरून काहीच नाही.

"पायलं? भेला! आता तक्रार दाबा," देवमन म्हणाला.

नत्थुजीने अंगठ्याने दाबली. देवमनने सारी गल्ली आपापल्या मोबाइलसकट गोळा केली. टेलरने दाबली, न्हाव्याने दाबली, त्याच्यासमोर अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकानेही दाबली! अठरा तक्रारी! चार वाजेपर्यंत राजाचं खातंच गायब. देवमनने सगळ्यांना भजे खाऊ घातले.

आचल घरी आली. नत्थुजीने कुस्ती मारल्यासारखी हकीकत सांगितली. वाकळांच्या ढिगात हात घालून तिने एक तडा गेलेला मोबाइल काढला.

नत्थुजीने तो ओळखला. गजेंद्रचा. त्याच्या पोराचा. बोंडअळीच्या साली दुसऱ्याच्या वावरात फवारणी करता करता गजेंद्र पडला, तो उठलाच नाही.

"बाबाचं खातं होतं, आबा. मीच लिहो, अन् ह्याच्यावर मीच वाचो."

"मंग मले काहून नाई सांगितलं, माय?"

"तुमी रडले असते." तिने मोबाइल उलटा-पालटा केला. "बाबाचा आवाज होता त्या खात्यात. बैलाले हाका मारतानाचा. दुसरीकडं कुठंच नाई."

खातं गेलं, तरी काचेवर दुपारी आलेल्या मेसेजची सूचना अजून दिसत होती. 'समोर ये.' नत्थुजीने ती वाचली. आपल्याला वाचता येतं याचा त्याला पहिल्यांदाच राग आला.

दुसऱ्या दिवशी देवमन धावपळ करत होता. खातं परत मिळेल काय, म्हणून इकडंतिकडं फोन लावत होता. नत्थुजी शाळेत गेला. फॉर्मवर प्रश्न होता, 'मुलीच्या संपर्कात अनोळखी व्यक्ती होती का?' त्याने पेन दाबून लिहिलं, 'नाही.' मग खालच्या रेघेपाशी थांबला.

"बाई, शाईचं पॅड हाये काय?"

"अहो, तुम्ही तर सही करता ना!"

"करतो न, बाई. पण काल जे केलं, ते काम अंगठ्याचं हाये."