मागच्या चाकांची उन्नती

"कासरा वढ रं नाना! शोभेला दिलाय का हातात?"

पाचोडच्या बाजारातून परतताना बैलगाडीला उतार लागला, की नानाच्या वडिलांचा, कडूबाआबांचा, हा आवाज घुंगरांवरून उडत यायचा. अजून कानात आहे.

माणसाची प्रगती त्याच्या थांबण्याच्या साधनांवरून मोजावी, हे आता सर्वमान्य आहे. त्याच नानाचे आज नानासाहेब झालेत. शेंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, दारात मोटार आहे, आणि त्या मोटारीत त्यांच्या पत्नीनं, द्वारकावहिनींनी, बसणं बंद केलं होतं. माहेरी जायचं तरी एसटीनं. का, विचारलं तर, "काय नाय, एसटी बरी."

नानासाहेबांनी निदान केलं: मागच्या चाकांना जुनाट ड्रमब्रेक आहेत, बाईमाणूस भिणारच. सबब, डिस्क बसवण्यात याव्यात.

बन्सी मिस्त्री म्हणाला, "साहेब, हँडब्रेक त्या ड्रमातच असतो. ह्या डिस्कला त्याची सोय नाय."

"चकती दाबणारा चिमटा लाल आहे ना? मग बसव."

चिमटे बसले. चाकांच्या जाळीतून जास्वंदीसारखे डोकावू लागले. गल्लीचा आदर वाढला (लोक वाकून बघत), आणि उभी गाडी उतारावर आपोआप चालू लागली, तीही पेट्रोलशिवाय. या किरकोळ बाबीसाठी डिक्कीत एक दगड ठेवण्यात आला. त्यालाही लाल रंग दिला. एकसारखेपणा हवा.

मग वहिनींना चितेगावला, माहेरी नेण्याचा समारंभ झाला. मागच्या सीटवरून मी पाहणी केली. शंभर टक्के गतिरोधक हॉर्न वाजवून ओलांडले गेले. वहिनी पदर सावरावा तसा श्वास सावरत होत्या, आणि त्यांचा उजवा पाय, जिथं ब्रेक नाही तिथं, पायपुसणीत रुतला होता. शेवटी थांबलो (घर आल्यामुळे).

"द्वारके, दगड लाव." वहिनी उतरल्या. त्यांचे भाऊ-भावजय चिमटे बघायला वाकले. नानासाहेबांनी लाडानं विचारलं, "आता गेलं ना भ्याव?"

दोन्ही हातांत दगड धरून वहिनी म्हणाल्या,

"अहो, पहिले ब्रेक लई चांगले होते. तुमचा पायच कधी जात नव्हता त्याच्यावर. मला भ्याव ब्रेकचं नव्हतं, तुमचं होतं."

मी खो खो हसलो. वहिनी माझ्याकडं वळल्या.

"भाऊजी, हसू नका. हसणाऱ्यानं आधी घरी जाऊन बायकोला विचारावं, तुमच्या गाडीत खिडकीवरचा दांडा ती कशापायी धरून बसती."