व्हाया सिंगापूर

मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळात निकेतशेठना कोणीही मारलं, की त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडायचा, "लॅग!" बोट उशिरा दाबलं तरी लॅग, बंदुकीऐवजी भलतंच काहीतरी हातात आलं तरी लॅग, आणि एकदा तर छपरावरून स्वतःच उडी मारून मेले, तेव्हाही लॅगच. नेट अडखळतं, आपली गोळी पोहोचेपर्यंत समोरचा आपल्याला मारून मोकळा होतो, असं ते ज्याला त्याला समजावून सांगत. त्याच नेटवर खेळणारे बाकीचे धडधाकट कसे राहतात, हे त्यांना कोणी विचारत नसे, कारण चहा शेठच पाजत.

शेठ म्हणजे रेवदंड्याजवळच्या गावातले दोन ट्रेलरचे मालक, चाळिशीला टेकलेले. दिवसा ते ट्रेलरवरच्या ड्रायव्हरला, सदाला, हुकूम सोडत. संध्याकाळी खेळ सुरू झाला की सदा टीमचा कॅप्टन होई आणि शेठना निमूटपणे ऐकावं लागे. "शेठ, मागं रावा. शेठ, दार उघडू नका. शेठ, कशाला उघडलात?" सदा दिवसभराचं उट्टं काढतोय, असा शेठना दाट संशय होता. पण खेळायचा मात्र झकास.

रविवारी गावागावांच्या टीमची स्पर्धा होती. बोर्ली पंचतनपासून म्हसळ्यापर्यंत सगळीकडच्या टीम उतरणार होत्या. आपल्या टीमच्या जर्सी शेठनीच दिल्या होत्या, पाठीवर गॉगल लावलेला स्वतःचा फोटो छापून. आणि शुक्रवारी टायर ठोकून बघता बघता सदा म्हणाला, "शेठ, राग मानू नका. रविवारी तुमी बाहेर बसा. तुमच्या जागी क्लीनरला, निकेशला, घेतो."

"अरे, जर्सी माझी हाय!"

"जर्सी तुमची हाय, पन पयले मरता पन तुमीच."

"त्यो लॅग हाय रे!"

"मग लॅग काढा. येकदाच चान्स देतो. रविवारी परत तसा झाला, तर कायमचे बाहेर."

सगळ्या टीमच्या पाठीवर आपण आणि टीममध्ये मात्र नाही, ही कल्पनाच शेठना सहन होईना. ते तडक कमलेशच्या मोबाइलच्या दुकानात गेले.

"वीपीएन टाका," कमलेश म्हणाला. "तुमचा नेट दुसऱ्या रस्त्यानं जातो. गेमचा सर्व्हर सिंगापूरला, तर आपन सिंगापूरवरूनच घुसायचा."

"मंजे नाक्यावर ट्रॅफिक असला की आपन गाडी आतल्या रस्त्यानं काढतो, तसा?"

"सेम टू सेम. समोरच्याला वाटतो, गाडी सिंगापूरवरूनच आली."

रस्त्याची भाषा निघाल्यावर शेठना सगळं पटलं. इतकं पटलं, की समोरच्याला तसं वाटल्यावर तो काय करतो, हे विचारायचं राहूनच गेलं.

रविवारी दुपारी अख्खं गाव समाजमंदिरात मोठ्या पडद्यासमोर बसलं होतं. तिथल्या नेटवर सगळ्यांचा भार पेलला नसता, म्हणून खेळणारे आपापल्या घरून खेळणार होते. कॉमेंट्रीला पियूष, टेनिस बॉल क्रिकेटच्या मैदानांवर घसा तयार झालेला. पहिल्या रांगेत शेठची बायको प्राप्ती आणि आई ठमाबाई. शेठ घरी माडीवर एकटे, दार बंद, समोर तळलेल्या बोंबलांची ताटली. त्यांनी वीपीएन सुरू केलं, सिंगापूरचा झेंडा उगवला आणि खेळ तेल दिल्यासारखा पळायला लागला.

चालायचं बटण दाबलं की शेठ खरोखर चालत होते. थांबायचं म्हटलं की थांबत होते. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना धडकी भरली. लॅग गेला होता. म्हणजे आता मेलो तर मीच मेलो!

"शेठ," हेडफोनमधून सदाचा आवाज आला, "त्या गवतात आडवे पडा. मी सांगेपरेंत हालू नका."

शेठ आनंदाने आडवे पडले.

नेमका त्याच वेळी समाजमंदिरात प्राप्तीचा फोन वाजला. शेठना पासवर्ड कधीच आठवत नसल्यामुळे त्यांच्या खेळातल्या खात्याची राखण तिच्या नंबरावर होती. सिंगापूरमधून कोणीतरी निकेत यांच्या खात्यात शिरलं आहे, हे तुम्हीच का, असा निरोप होता. नवऱ्याला बोंबील देऊन ती नुकतीच घरून आली होती. फोन लावला की आधी सायबर चोरांपासून सावध राहा असं बजावणारी बाई तिने इतक्यांदा ऐकली होती, की तिचा हात क्षणभरही अडला नाही. तिने 'नाही' दाबलं, चोराला बाहेर काढलं आणि पासवर्डही बदलून टाकला.

माडीवर शेठच्या स्क्रीनवरून गवत, बंदूक, सदा, सगळं नाहीसं झालं. पुन्हा आत शिरायला पासवर्ड हवा होता. शेठनी वहीत लिहून ठेवलेला टाकला, तो चुकीचा निघाला. मदतीचं बटण दाबलं, तर प्राप्तीच्या फोनवर पुन्हा तोच निरोप आणि पुन्हा तेच उत्तर.

"मेला ऐकत न्हाय, परत घुसतो," प्राप्ती सासूला म्हणाली.

"दाब, जोरानं दाब," ठमाबाई म्हणाल्या.

नव्या ड्रायव्हरसाठी आणून ठेवलेला एक फोन कपाटात होता. हातातल्या फोनवरची पासवर्डची पाटी जाऊ नये म्हणून शेठनी घाईघाईने त्यावरून बायकोला फोन लावला.

"प्राप्ती, व्हय म्हन त्याला! व्हय दाब!"

"कोन बोलतो?"

"अगं मी! निकेत!"

"माझा नवरा समोर पडद्यावर गवतात पडलाय. दोनी हात त्याचे मोबाइलला. तू कोन?"

"मी गवतात न्हाय, घरात हाय!"

"आवाज पन तसाच काढलाय मेल्यानं," ती सासूला म्हणाली आणि फोनमध्ये दरडावली, "बरा, माझ्या आईला कंची मच्छी चालत न्हाय, सांग!"

शेठना, कधी नव्हे ते, आठवलं. "कोलंबी! अंगावर पित्त उठतो त्यांच्या!"

मग प्राप्ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला ह्ये सात जन्मात आठवला नसता. चोर हायस तू!" आणि तिने नंबर ब्लॉक केला.

शेठ चप्पल न घालता समाजमंदिराकडे धावले. वाटेतच भोंग्यातून पियूष ओरडताना ऐकू आला, "निकेतशेठला देखो! बाजूनं म्हसळ्याची पलटन गेली, पन शेठ हालले न्हाय! ह्याला बोलतात पेशन्स!"

शेठ दारापर्यंत पोहोचले आणि थबकले. आता आत गेलो, तर गवतात कोण पडलंय, असं गाव विचारणार. ते गुपचूप मंदिरामागच्या पाण्याच्या टाकीआड जाऊन बसले आणि आपला पराक्रम भोंग्यातून ऐकू लागले.

ह्या खेळात खेळणारा बाहेर फेकला गेला, तरी त्याचा गडी रणांगणात आहे तिथेच पडून राहतो. शिवाय रणांगणाचं वर्तुळ आकसत जातं, आणि जो त्याच्या बाहेर राहील तो मरतो. आत यायला म्हणून जो तो धावत होता आणि धावताना दिसला की मारला जात होता. वर्तुळ मात्र शहाण्यासारखं आकसत आकसत नेमकं शेठच्या गवतावर आलं. शेवटी उरले सदा, बोर्लीचा एक गडी आणि गवत. सदाने बॉम्ब फेकला, बोर्लीवाल्यानेही फेकला, दोघे एकदमच गेले.

"शेठ एकटे उरले! शेठनी मॅच मारली!" पियूषचा आवाज फाटला.

शेठना आणायला पोरं घरी धावली, आणि ते सापडले टाकीमागे. त्यांना खांद्यावरून आत नेऊन पियूषने त्यांच्या तोंडासमोर माइक धरला. शेठ घामाघूम झाले होते. एवढं खोटं कौतुक त्यांच्याने गिळवेना.

"खरा सांगतो," ते म्हणाले, "मी काय केलेला न्हाय. नुसता पडून व्हतो. आनि पडलेला पन मी न्हवतो."

"बघा! एवढा मोठा मानूस, पन गर्व न्हाय!" पियूष म्हणाला, आणि टाळ्यांनी पत्रे हादरले.

प्राप्ती डोळे पुसत जवळ आली. "तुमी खेलत व्हता म्हनून सांगितला न्हाय," ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "एक चोर तुमच्या नावानं सारखा घुसत व्हता. मी घुसू दिला न्हाय." तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघून शेठना भरून आलं. इतक्या मायेने त्यांना आजवर कोणी हाकललं नव्हतं. चोर कोण होता, हे सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

सोमवारी सदा ट्रेलर काढायला आला. शेठ नजर चुकवत म्हणाले, "पुढच्या टायमाला निकेशला घे रे बाबा."

"न्हाय शेठ, आता टीममंदी तुमी पक्के," सदा म्हणाला. "तुमचा आवाज कानातून गेला, तवाच मना समजला व्हता. फक्त येक काम करा."

"काय?"

"गवतात पडलात, की नेट बंद करीत जा."