वन्संचं गोल्फ

माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही, आणि अक्षर असं की वाण्याला सामानाची यादी दिली तर तो मलाच वाचून दाखवायला लावतो. तेव्हा सांभाळून घ्यावं. हे मी दुपारी भांडी घासून झाल्यावर लिहिते आणि पिठाच्या डब्यामागे ठेवते, म्हणजे वाचणारं कोणी असेलच असं नाही. पण वन्संबद्दल कोणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि माझ्याशिवाय त्यांना इतकं जवळून पाहिलेलं दुसरं कोणी नाही.

लखनौला असताना माझ्या वन्सं टेंपोत बसताना दोघांचं भाडं द्यायच्या. एक त्यांचं, एक त्यांच्या गोल्फच्या पिशवीचं. पिशवी माझ्या छातीपर्यंत यायची, आत लोखंडी काठ्या. पिशवी विकत घेऊन आम्ही घरी आणली त्या पहिल्या दिवशी टेंपोवाल्यानं विचारलं होतं, "माताजी, इसमें बंदूक है क्या?"

"गोल्फ है," वन्सं म्हणाल्या.

त्याला दोन्ही सारखंच. जागा अडते म्हणून त्यानं पिशवीचं अर्धं भाडं मागितलं. वन्सं म्हणाल्या, "आधा क्यों? जगह पूरी लेती है।" आणि पूर्ण दिलं. पुढे एक जाडे गृहस्थ चढले आणि पिशवी जरा खाली ठेवा म्हणू लागले, तर वन्सं बाहेर बघतच म्हणाल्या, "इनका किराया दिया हुआ है।" ते गृहस्थ अर्धे बाहेर लोंबकळत गेले, आणि पिशवी आमच्यामध्ये ऐसपैस बसून.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, सिंधूताई. केंद्र सरकारच्या हिशोब खात्यात अधिकारी. वडील गेले तेव्हा एकोणिसाव्या वर्षी कारकून म्हणून लागल्या, धाकट्या भावंडांना शिकवलं, खात्याच्या परीक्षा देत देत वर चढल्या, आणि लग्न राहून गेलं. पन्नाशी उलटल्यावर लखनौला बदली झाली. इंदिरा नगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझे यजमान फौजेत, त्या वेळी सरहद्दीवर, जिथे बायको नेता येत नाही. मूलबाळ नव्हतं. म्हणून मला वन्संच्या सोबतीला ठेवलं.

सोबत म्हणजे काय, तर सकाळी त्यांचा डबा आणि संध्याकाळी बातम्या. मला हिंदी येत नव्हतं. भाजीवाल्या भैयाला मी बोटानं दाखवायची आणि तो सांगेल तितके पैसे द्यायची. दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. वन्संना निदान ऑफिसातली माणसं आहेत, असं मी समजत होते.

गोल्फकडे त्या वळल्या ते सरकारी कारणानं. एका क्लबात अधिकाऱ्यांना सवलतीनं सभासद होता येतं असं परिपत्रक आलं. ऑफिसात सगळ्यांनी वाचून सही केली आणि पुढे ढकललं. वन्संनी अर्ज भरला. मी विचारलं, तुम्हाला येतं का हो हे? म्हणाल्या, "येण्याचा प्रश्न नाही. मंजूर झालेली गोष्ट वापरली नाही की रद्द होते."

मग रोज पहाटे अंगणात सराव. साडी खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काठी. चेंडूला त्या अहोजाहो करायच्या. "या. बसा. हलू नका." चेंडू बसायचा. काठी वरून गर्रकन यायची, शेजाऱ्यांच्या तारेवरची कबुतरं उडायची, आणि चेंडू तिथेच. "एक," वन्सं म्हणायच्या.

"लागला कुठे?" मी एकदा म्हटलं.

"लागला नाही तरी फटका तो फटका. मोजायचाच."

पुढे ते घरातही आलं. माझी पोळी तव्यावर फाटली की ताटावरून आवाज यायचा, "एक." ऑफिसातून रिकाम्या हातानं आल्या, की चप्पल काढता काढता, "आज बँकेत गेले, मॅनेजर नाही. एक." त्या हसायच्या नाहीत, त्यामुळे मला पदर तोंडाशी धरून आत जावं लागायचं.

क्लबातही त्या सगळ्यांचे फटके मोजायच्या, आणि घोटाळा तिथेच झाला. सुरुवातीला सक्सेना म्हणून एका मोठ्या साहेबांनी त्यांना आपल्या चौघांत घेतलं होतं. साहेब झुडपातून बाहेर आले आणि म्हणाले, माझे सात. वन्सं म्हणाल्या, "सर, सात नहीं, नौ। दो आपने झाड़ी के अंदर मारे।" साहेब हसले. पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं, तेव्हा हसले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी, "मैडम, आज तो हमारे चार पूरे हो गए।" त्यापुढच्या रविवारीही चार पूर्ण. मग सगळ्याच लोकांचे चार पूर्ण व्हायला लागले.

हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांची पिशवी वाहणाऱ्या रामसुमेरनं सांगितलं. म्हातारा माणूस, एकदा वन्संची छत्री परत करायला घरी आला होता. मी चहा दिला तर ओट्यावर बसून म्हणाला, "बहूजी, मैडम अकेली खेलती हैं। और अकेले का मैदान पर कोई हक नहीं होता।"

मला वाटलं माझं हिंदी कच्चं. पण खरंच तसा नियम होता. दोघं खेळत असतील, चौघं असतील, त्यांचा मान. एकटा माणूस असेल तर मागून जो येईल त्याला वाट द्यायची. बाजूला सरायचं, हात करायचा, पुढे जा. वन्सं सकाळी सहाला सुरू करायच्या आणि दुपारी बाराला भाजून घरी यायच्या, ते त्यामुळे. मी समजत होते की खेळच तेवढा लांबलचक. निम्मा वेळ तर त्या झाडाखाली उभ्या राहून लोकांना पुढे सोडत होत्या.

मला बोलायचं सुचत नाही. पण त्या रविवारी त्या आल्या तेव्हा मी ताक करून ठेवलं होतं. त्यांनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "रामसुमेर बोलला वाटतं."

त्यानंतर आठवड्याभरात माझ्या अंथरुणाशी बुटांचा जोड येऊन पडला. पांढरे, कॅनव्हासचे, माझ्या मापाचे.

"कुटुंबातल्या एका माणसाला फुकट परवानगी आहे," वन्सं पेपरमागून म्हणाल्या. "वापरली नाही की रद्द होते."

"वन्सं, मला नाही हो जमायचं. तिथे साहेबलोक असतात."

"ते त्यांचं मोजतील, आपण आपलं."

"लोक हसतील."

"हसू देत, शालन. हसण्याचा फटका धरत नाहीत."

मी गेले. नाही म्हणायचं मला तसंही येत नाही, पण खरं म्हणजे घरातली दुपार मला खायला उठायची. अंगणात महिनाभर शिकले. पहिल्या आठवड्यात मी कुंडी फोडली आणि घरमालकीण वरून म्हणाली, "अब दोनों?"

चेंडू ज्यात घालायचा त्या दर भोकामागे एक रुपया लावून आम्ही खेळायचो. वन्सं म्हणाल्या, पैसा नसेल तर तो खेळ नाही, ते फिरायला जाणं. आणि मी नवशिकी म्हणून मला सूट. प्रत्येक भोकाला माझे दोन फटके माफ. ही सूट त्यांनी दोन संध्याकाळी बसून काढली होती. पण त्यात एक गडबड झाली. दोन-तीन महिन्यांत माझा हात बसला. लहानपणी विटीदांडू खेळलेली मी, चेंडू कुठे का जाईना, सरळ तरी जायचा. वन्संचा मात्र जिथे तोंड करतील त्याच्या उजवीकडे. त्यात माझे दोन माफ. मी दर रविवारी जिंकायला लागले.

"वन्सं, सूट काढून टाका," मी म्हटलं.

"वर्षाच्या मध्ये काढता येत नाही. मार्चअखेर आढावा घेऊ."

"मग तोवर तुम्ही हरणार?"

"हरू. नियमानं हरू."

पैसेही मार्चलाच द्यायचे ठरले. तोपर्यंत त्या तोंडी हिशोब ठेवायच्या आणि टेंपोत बसल्या की सांगायच्या, आजचे पाच, एकूण इतके. आपण किती हरलो हे इतक्या समाधानानं सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

हिवाळ्यातला एक रविवार मला कधी विसरता येणार नाही. धुकं एवढं की चेंडू मारल्यावर तो गेला की नाही हे आवाजावरून समजायचं. आमच्या पुढे सक्सेनासाहेब आणि त्यांचे तिघं. शोधाशोध चाललेली. आणि चौघांच्या पुढे जायचा हक्क दोघांना असतो. वन्सं सरळ चालत त्यांच्यापाशी गेल्या. मी मागे, पदर घट्ट धरून.

"सर, हम दो हैं," वन्सं म्हणाल्या.

एवढंच. साहेबांनी आमच्याकडे बघितलं, माझ्या साडीकडे, बुटांकडे. मग बाजूला झाले. "हाँ हाँ, जाइए मैडम, जाइए।"

चार पुरुष रांगेत उभे, आणि मला चेंडू मारायचा. काठी उचलली, खाली आणली, धुकं कापलं गेलं. चेंडू तिथेच.

"एक," वन्सं मोठ्यानं म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दुसऱ्या खेपेला तो गेला. सरळ, जमिनीलगत, पण गेला. आम्ही त्या चौघांच्या पुढून चालत गेलो. वन्सं इतक्या हळू चालल्या की मला वाटलं त्यांचा पाय मुरगळला आहे. धुक्यात शिरल्यावर, मागचे दिसेनासे झाल्यावर, त्यांनी माझा हात धरला. थोडं पुढे जाऊन सोडला.

जानेवारीत यजमानांची बदली नगरला झाली, आणि क्वार्टर मिळालं. मला आनंद झाला, का होऊ नये. वन्संनी माझं सामान बांधलं, दोऱ्यांच्या गाठी स्वतः मारल्या, चौकातून चिकनच्या भरतकामाची साडी आणून वर ठेवली. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत त्या गोल्फचंच बोलत होत्या.

"एकशे वीस रुपये निघतात तुझे. मार्चला पाठवते."

"राहू द्या हो वन्सं."

"राहू कसे देऊ? देणं आहे."

गाडी हलली तेव्हा त्या फलाटावर बाजूला सरून उभ्या राहिल्या. मागून हमाल येत होते, त्यांना हातानं पुढे जा म्हणत.

एप्रिलमध्ये मनीऑर्डर आली. दहा रुपयांची. पोस्टमन म्हणाला, "ताई, कुठल्या गरिबानं पाठवली?" मी म्हटलं, मोठ्या अधिकारी आहेत. त्याला काही ते पटलं नाही. खाली मजकुराच्या जागेत लिहिलेलं, "एकरकमी देण्याची तरतूद नाही. हप्त्यानं देत आहे."

मे महिन्यात पुन्हा दहा. जूनमध्ये दहा. दर वेळी खाली एक ओळ. लूच्या झळा फार, रामसुमेर आजारी होता. पावसानं मैदान बंद. नव्या भाडेकरूंनी अंगणात गाडी लावली, सराव गच्चीवर. आणि थंडीत एकदा, "धुके. आज पाच तुकड्या पुढे सोडल्या."

ती ओळ मी यजमानांना दाखवली. ते म्हणाले, पाच काय, पंचवीस सोडेल, ताईला खेळाचं वेडच आहे. मी त्यांना काही सांगायला गेले नाही. लखनौला फोन करावा म्हणून बूथवर दोनदा जाऊन आले. काय बोलणार, म्हणून परत आले.

अकरा मनीऑर्डरी आल्या. बाराव्या महिन्यात आली नाही. मार्च होता. मार्चमध्ये हिशोब खात्यातलं माणूस घरच्या लग्नालाही रजा घेत नाही, हे मी वन्संकडूनच ऐकलेलं. मला वाटलं, कामात असतील. दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला, तेव्हा मात्र मला नीट झोप लागेना.

एका सकाळी दारात रिक्षा थांबली. आधी पिशवी उतरली. मग वन्सं. दोन दिवसांचा प्रवास, मनमाडला गाडी बदलून आलेल्या, केस विसकटलेले, पायात तेच बूट. यजमान धावत बाहेर गेले. "ताई! अगं, कळवायचं तरी. रजा मिळाली?"

"मागितली. देत नव्हते. घेतली."

"आणि परतीचं तिकीट कधीचं?"

"ते बघू," वन्सं म्हणाल्या. महिनाभर आधी येण्याजाण्याची दोन्ही तिकिटं काढून ठेवणाऱ्या वन्सं.

मी म्हटलं, "आत या ना, वन्सं."

"थांब. आधी देणं." त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या. पर्समधून दहाची नोट काढली. "शेवटचा हप्ता. मनीऑर्डर करणार होते, पण म्हटलं, उगाच कमिशन जातं."

यजमान हसायला लागले आणि हसता हसता थांबले. वन्संचा हात तसाच पुढे होता. मला ती नोट घ्यावीशी वाटेना. ती घेतली की आमच्यात काही राहणार नव्हतं, आणि तेच त्यांच्याही मनात असावं, कारण नोट त्यांनी फार घट्ट धरली होती.

"घे, शालन. मोजून घे."

"एकच तर नोट आहे, वन्सं."

"तरी मोज."

मी मोजली. म्हटलं, "दहा. सगळे फिटले." आणि दुसरा हात पिशवीच्या पट्ट्याला घालून ती घरात घेतली, म्हणजे वन्संना मागून यावंच लागलं.