नळीला मान्य दूध

स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी कुंभकोणमात दुग्धशुद्धी खाते उघडले आणि दुय्यम निरीक्षकाच्या जागेवर पद्मनाभरावांची नेमणूक झाली. 'या क्षेत्रातला दांडगा अनुभव हवा' अशी अट होती. पद्मनाभरावांचा अनुभव वादातीत होता. शेषाद्री अय्यरांच्या कॉफी क्लबात दुधात पाणी घालण्याचे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षे सांभाळले होते.

हे काम कोणीही सोम्यागोम्या करील असे समजू नये. दुधाची डिग्री काचेच्या नळीने मोजतात. पाणी घातले की दूध पातळ होते आणि नळी खोल बुडते. पद्मनाभराव मग बेताने साखर घालीत आणि नळी निमूटपणे वर येई. कितीतरी तपासनीस आले, कॉफी पिऊन समाधानाने परत गेले.

नोकरी अजून कच्ची होती. साहेबांनी चांगला शेरा दिला तरच कायम. तंजावरच्या व्याह्यांनी स्पष्टच कळवले होते, की मुलीचा बाप सरकारात कायम झाल्यावरच नागलक्ष्मीचा मुहूर्त धरू. म्हणून पद्मनाभरावांनी काम प्रामाणिकपणे करायचे ठरवले. माणसाच्या हातून अशा चुका होतात.

पहिल्याच सकाळी त्यांनी बाजारातल्या एकूण एक चरवीत बोट बुडवून चाखले आणि साहेबांपुढे, म्हणजे चंद्रमौलीरावांपुढे, जाऊन उभे राहिले. चंद्रमौलीरावही त्यांच्यासारखेच जुन्या मराठी घराण्यातले. बाहेर तमिळ, खोलीचे दार लोटले की मराठी.

"सगळ्या दुधांत पाणी आहे. सगळ्यांस धरूं."

"अय्यो, पद्मनाभराव! सगळ्यांस धरलें तर उद्या गावास काफी कैसी? देवास अभिषेक कशाचा?"

"सरी, बरें. मग कोणासच नको धरूं."

"कोणासच धरलें नाही तर मद्रासवाले पुसतील, ऐसें खातें काय कामास? आणि तुमचें बोट सरकारी नव्हे. सरकारी ती नळी."

नळी लावली. सगळे दूध नापास झाले, पास झाले ते फक्त शेषाद्री अय्यरांचे. पद्मनाभरावांची पद्धत तिथे अजून चालू होती. चंद्रमौलीरावांचा चेहरा खुलला. गावात निदान एक तरी आदर्श दूध निघाले होते.

"ह्यांस तें कैसें साधतें, तें पाहा आणि समस्तांस शिकवा," त्यांनी हुकूम सोडला.

त्यामुळे जे काम पद्मनाभराव क्लबाच्या मागच्या पडवीत चोरून करीत, तेच आता सरकारी पगारावर, भर दिवसा, स्वामीमलैपासून सुंदरपेरुमाळ कोयिलपर्यंतच्या गवळ्यांना शिकवू लागले. गवळी हुशार निघाले. बघता बघता सगळा तालुका पास झाला. भेसळीचे समूळ उच्चाटन झाल्याबद्दल मद्रासहून अभिनंदन आले. विहिरींचे पाणी तेवढे जरा खाली गेले.

एकच अडचण उरली. तिरुवलंचुळीची धनलक्ष्मी. ही बाई म्हशीचे दूध काढी आणि तसेच्या तसे आणी. गावातल्या आजाऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना तिचेच दूध लागे. पण साय हलकी असते, आणि तिच्या दुधात साय इतकी की नळी पाणी घातल्यासारखीच बुडे. चंद्रमौलीराव जातीने बाजारात आले, तेव्हा नळी गळ्यापर्यंत बुडाली.

"पाणी!" ते गरजले.

"सामी, म्हैस इथे आणून तुमच्यासमोर दूध काढू का?" धनलक्ष्मीने तमिळमध्ये विचारले. "नाहीतर ह्यांना विचारा. ह्यांना दुधातले कळते."

चंद्रमौलीराव पद्मनाभरावांच्या कानाशी वाकले आणि मराठीत पुटपुटले, "तुमचा शेरा आजच लिहावयाचा आहे."

पद्मनाभरावांनी चरवीत बोट बुडवून चाखले. असे दूध त्यांच्या जिभेला कित्येक वर्षांत लागले नव्हते. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मग बोट धोतराला पुसून ते म्हणाले, "पाणी आहे."

भोवती कॉफीचे टंबलर धरून लोक उभे होते. त्यांतल्या बऱ्याच जणांची मुले धनलक्ष्मीच्या दुधावर वाढली होती. "तरीच हल्ली पोट बिघडतं," त्यांतला एक म्हणाला, आणि बाकीच्यांनी मान डोलावली. चरवी गटारात ओतली गेली. परवाना जप्त झाला. रिकामी चरवी कमरेवर घेऊन धनलक्ष्मी चालत निघाली.

पद्मनाभराव कायम झाले आणि नागलक्ष्मीचे लग्न थाटात लागले. पायसम असे दाट उतरले होते की व्याही बोटे चाटत राहिले. त्याचे दूध भल्या पहाटे, मागच्या दाराने, तिरुवलंचुळीहून आणवले होते. पोटच्या मुलीच्या लग्नात नळीला मान्य असलेले दूध वापरायला पद्मनाभराव काही खुळे नव्हते. पंगतीत चंद्रमौलीराव होते, ते टंबलरवाले होते, आणि पायसम पुन्हा मागून घेणाऱ्यांत, वाचकहो, आपणही होतो. दूध कुठले, हे तेव्हा आपण विचारले नाही. आता त्या बाईसाठी हळहळतो आहोत, पायसम पचल्यावर.